एकेचाळिसाव्या प्रसंगाखालची ओळ

कडीकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते चौथीच्या वर्गात. मी फळ्यावर लिहीत होते, तेवढ्यात मागे पावलं वाजली. वळून बघते तर दुसऱ्या बाकावरची एक किरकोळ मुलगी उठून खडूंच्या कपाटाची कडी लावत होती. "बाई, ते उघडं होतं. माझं लक्षच लागेना." वर्ग खिदळला, आणि त्या दिवसापासून ती सगळ्यांची कडी झाली. मीही तिला तेच म्हणते. ती रागावत नाही.

आता ती माझ्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर आईबरोबर राहते आणि एका लेखकांच्या पटकथा टाइप करते. ते हाताने लिहितात, आणि अक्षर असं की त्यांचं त्यांनाही लागू नये. प्रत्येक प्रसंगाच्या डोक्यावर मथळा लागतो: आत की बाहेर, जागा कोणती, दिवस की रात्र. संगीत सुरू झालं की एक ओळ, थांबलं की दुसरी. गोष्ट मागच्या काळात गेली की 'फ्लॅशबॅक', परतली की 'फ्लॅशबॅक समाप्त'. लेखक सुरू करतात आणि विसरतात. "त्यांची बासरी तीन-तीन प्रसंग वाजत राहते, बाई. शेवटी मीच थांबवते," असं ती हसत सांगायची.

एका मंगळवारी दुपारी ती धापा टाकत वर आली. हातात कागदांचा गठ्ठा, चेहरा पांढराफटक.

"बाई, मी फ्लॅशबॅक बंदच केला नाही."

"म्हणजे काय झालं?"

"एकेचाळिसाव्या प्रसंगात म्हाताऱ्याला त्याची बायको आठवते. तरुणपणीची, स्वयंपाकघरातली. बेचाळिसाव्यात तो म्हातारा त्याच स्वयंपाकघरात एकटा आहे, बायको गेलेली. मधली ओळ राहिली. आता सेहेचाळीसपर्यंत सगळं जुन्या काळातलंच वाटणार!"

"वाचणाऱ्याला कळेल की गं."

"वाचतंय कोण? सहायक दिग्दर्शिका मथळे बघून माणसं बोलावते, सामान मागवते. उद्या सकाळी बेचाळीसचं शूटिंग आहे. म्हाताऱ्या नटाला सुट्टी दिली असेल, आणि परवापासून ते महिनाभर बाहेरगावी आहेत." तिचा आवाज चिरकला. "माझ्या आधीच्या टायपिस्टला एक पान गाळलं म्हणून काढलं होतं, बाई."

फोन सतरा वेळा करून झाला होता. शूटिंगच्या जागी फोन बंद ठेवतात. मी चपला पायात सरकवल्या.

बसमध्ये ती पिशवीची चेन उघडत होती, लावत होती. मी गठ्ठ्यातलं लेखकांच्या हातचं पान काढून चष्म्यासमोर धरलं. ती ओळ तिथेही नव्हती.

"अगं, त्यांनीच लिहिलेली नाही! तुझी कसली चूक?"

"ते कधीच लिहीत नाहीत, बाई. म्हणून तर मी आहे." मग खिडकीकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी आईला चक्कर आली. मी उठले, आणि परत बसले ती थेट बेचाळीसवर."

आम्ही शूटिंगच्या जागी पोचलो तेव्हा खोट्या स्वयंपाकघराची अर्धी भिंत कोऱ्या पिवळ्या रंगाने चकाकत होती. केसांत पेन्सिल खोचलेली सहायक दिग्दर्शिका शिडीशी उभी होती.

"बेचाळीस ते सेहेचाळीस आजच्या काळातले आहेत," कडी एका दमात म्हणाली. "ओळ राहिली."

"आणि हे आत्ता सांगताय? मी त्या आजोबांना सोडलंय उद्या!"

"मग आता काय, खरवडू?" शिडीवरून रंगारी म्हणाला.

कोपऱ्यात चहा पीत बसलेले लेखक उठून आले. त्यांनी टाइप केलेलं पान बघितलं. "माझ्या कागदावर होती का ही ओळ?"

बसमध्ये काढलेला तो कागद माझ्याच पिशवीत राहिला होता. मी हात घातलाही, पण कडीने माझं मनगट घट्ट धरलं.

"टाइप मी करते," ती म्हणाली.

लेखकांनी पान तिच्या हातात परत दिलं आणि ते निघून गेले. सहायक दिग्दर्शिकेने फोन लावला. आजोबा सामान भरत होते, सकाळी येतो म्हणाले. भिंत जुनी दिसावी म्हणून रंगाऱ्याने पिवळ्यावर काजळीचा हात मारायला घेतला.

त्यानंतर आठ दिवस कडीकडे एकही कागद आला नाही. दाराची घंटा वाजली की ती आधी दरवाजाकडे बघायची आणि मग उठायची. आई विचारायची, "काम नाही का गं हल्ली?" त्यावर ही म्हणायची, "येईल." मला जिन्यात भेटली की नुसती मान हलवायची.

नवव्या दिवशी जाड पाकीट आलं. सोबत चिठ्ठी नव्हती. पण पानापानावर लेखकांनी ठळक अक्षरात 'फ्लॅशबॅक समाप्त' लिहिलं होतं, तिसऱ्या पानावर तर फ्लॅशबॅक नसतानाही. कडी ते पान घेऊन वर आली. हसत होती.

त्यांच्या पटकथा ती आजही टाइप करते. फ्लॅशबॅक आला की समाप्तीची ओळ आधी टाकते आणि मग मधला मजकूर भरते.