आपटेबाईंची ताकेतोमी

आमच्या जपानी क्लासच्या मंडळींना चहाला बोलवायचं असेल तर हाताशी वेळ ठेवून बोलवा. कोणीतरी सहज "ताकेतोमी" म्हणतं, आणि मग चहा गार होतो. त्या बेटावर आम्ही होतो जेमतेम आठ तास. पण किस्से महिनाभर राहून आल्यासारखे! शिवाय दर वेळी कोणाला तरी एखादा नवाच आठवतो, आणि बाकीचे म्हणतात, "अरे हो, हा राहिलाच होता की!"

आधी मंडळी कोण कोण ते सांगते. आपटेबाई कर्वेनगरला राहत्या घरी अठ्ठावीस वर्षं जपानी शिकवतायत. त्यांचे विद्यार्थी जपानला गेले, तिथे नोकऱ्या केल्या, संसार थाटले. बाई स्वतः मात्र कधी गेल्या नव्हत्या. पहिल्यांदा ठरलं तेव्हा मुलगी पोटात होती. दुसऱ्यांदा सासूबाई पडल्या. तिसऱ्यांदा व्हिसा हातात आला आणि यजमानांना कावीळ झाली. शेवटी अडुसष्टाव्या वर्षी आम्ही चौघांनी त्यांना जवळजवळ उचलूनच नेलं.

चौघं म्हणजे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले जोशीकाका, कसबा पेठेत घड्याळांचं दुकान असलेले इक्बालभाई, आयटीतली ऋता, आणि शाळेत भूगोल शिकवणारी मी.

ताकेतोमी म्हणजे जपानच्या पार दक्षिणेला, ओकिनावातलं एक चिमुकलं बेट. शेजारच्या इशिगाकी बेटावरून बोटीने दहा-पंधरा मिनिटं. वर्गातल्या नकाशावर दाखवायला जावं, तर माझ्या बोटाखाली अख्खं बेट गायब होतं.

*

जपानात उतरल्यापासून दोन दिवस बाई गप्पच होत्या. हॉटेलात, विमानतळावर, सगळीकडे ऋताच बोलून निभावत होती. इक्बालभाई मला हळूच म्हणाले, "बाई घाबरल्यात. इतकी वर्षं शिकवलेलं इथे कोणाला कळलंच नाही तर?"

बोटीची तिकिटं काढायची वेळ आली तेव्हा आम्ही चौघंही मुद्दाम बुटांच्या नाड्या बांधायला बसलो. जोशीकाकांच्या पायात तर चपला होत्या!

बाईंनी एकदा आमच्याकडे रागाने बघितलं, पदर सारखा केला आणि खिडकीपाशी गेल्या. पुस्तकातल्या सगळ्यात आदरार्थी भाषेत त्यांनी पाच तिकिटं मागितली. वाक्य इतकं लांब, इतकं नम्र, की आतली मुलगी ताडकन उभी राहिली आणि कमरेत वाकली. बाईही वाकल्या. ती पुन्हा वाकली. मागे रांग वाढत चालली.

जोशीकाका म्हणाले, "बाई, तिकिटं मागितलीत की मुलीला मागणी घातलीत?"

*

ताकेतोमीला म्हशीची गाडी असते. पांढऱ्या वाळूच्या गल्ल्या, दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं, आणि त्यातून ही म्हैस तिच्या मर्जीने चालणार. गाडीवानाने सांगितलं की तिला रस्ता पाठ आहे, कोपरा आला की ती आपणहून बाहेरच्या बाजूने वळते, म्हणजे मागचं चाक कुंपणाला घासत नाही.

जोशीकाकांनी पुढच्या तीन कोपऱ्यांवर मान बाहेर काढून खात्री करून घेतली. मग म्हणाले, "हिला लायसन्स द्यायला हरकत नाही. आमच्या मेव्हण्याला दिलंय, तर हिला काय!"

मग गाडीवानाने तीन तारांचं वाद्य काढलं आणि बेटावरचं एक गाणं म्हटलं. सुरेख! गाणं संपल्यावर तो आमच्याकडे वळला, "आता तुमच्याकडचं काहीतरी होऊ दे."

झालं! पाच पुणेकर, आणि एकालाही सबंध गाणं येईना. कोणाला पहिली ओळ येते, कोणाला नुसतीच चाल. गाडीतली जपानी माणसं आशेने बघतायत. इक्बालभाईंनी डोळे मिटले आणि खड्या आवाजात सुरू केलं, "बारा एके बारा!"

आम्ही सगळे तुटून पडलो. "बारा दुणे चोवीस! बारा त्रिक छत्तीस!" गाडीवानाला ठेका सापडला, तो वाजवायला लागला. बारा दाहे वीसाशेला तर समोरच्या दोन आजीबाई टाळ्या वाजवत होत्या.

गाडीवानाने वाद्य खाली ठेवून आदराने विचारलं, "ही प्रार्थना आहे का?"

बाई म्हणाल्या, "हो. लहानपणी रोज संध्याकाळी म्हणावीच लागायची."

*

जेवायला एका घरगुती खाणावळीत गेलो. चालवणाऱ्या बाई साठीच्या, अंगावर फुलाफुलांचा एप्रन. आपटेबाईंनी त्यांना समजावून सांगितलं, "या गृहस्थांना डुक्कर चालत नाही. आम्हा दोघींना मांस, मासे काहीच चालत नाही. या मुलीला सगळं चालतं, पण तिचं पोट बिघडलंय. आणि या गृहस्थांची आज संकष्टी आहे."

संकष्टी म्हणजे काय ते सांगण्यात दहा मिनिटं गेली. चंद्र दिसेपर्यंत जेवायचं नाही, एवढं मात्र खाणावळवाल्या बाईंना लगेच पटलं. त्या आत गेल्या आणि थोड्या वेळाने मोठी थाळी घेऊन आल्या. त्यात उकडलेली, जांभळ्या रंगाची, वाफाळती रताळी!

जोशीकाकांचा चेहरा काय सांगू! "रताळी! बाई, उपासाला चालतात हो! यांना कोणी सांगितलं?"

एवढ्यावर थांबतील तर ते जोशी कसले. त्यांनी बाईंकरवी विचारलं, इथे चंद्रोदय किती वाजता? खाणावळवाल्या बाईंनी भिंतीवरचं भरती-ओहोटीचं कॅलेंडर काढून अगदी मिनिटासकट वेळ सांगितली. आता काकांना नवी चिंता. "पण उपास पुण्याच्या पंचांगाप्रमाणे धरलाय. सोडायचा इथल्या वेळेने की तिथल्या?"

इक्बालभाई रताळ्याचं साल काढत म्हणाले, "काका, आमच्यात बघा, चंद्र दिसला की ईद. तुम्हीही वर बघा आणि जेवा. घड्याळांवर एवढा भरवसा ठेवू नका. मी रोज ती उघडून बघतो!"

*

जेवण झाल्यावर गल्लीत एक म्हाताऱ्या आजी अंगणासमोरची वाळू झाडत होत्या. नव्वदीच्या तरी असतील. तोवर आपटेबाईंची भीड पार चेपली होती. त्या पुढे झाल्या आणि छान बोलायला लागल्या. हवा, फुलं, कौलांवरचे मातीचे सिंह.

आजींनी झाडू थांबवला आणि बराच वेळ काहीतरी बोलल्या. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. आमच्याकडे वळून म्हणाल्या, "मला एकही शब्द कळला नाही."

आम्हाला तर काहीच कळलं नव्हतं, पण आमचं काय! बाई तिथून निघायलाच लागल्या. ऋताने त्यांचा हात धरला.

तेवढ्यात घरातून आजींची सून आली. पन्नाशीची, हसतमुख. तिला प्रकार कळला तशी ती म्हणाली, "अहो, हे जपानी नाहीच! ही बेटावरची जुनी बोली. मी लग्न होऊन आले त्याला तीस वर्षं झाली, मलाही निम्मं कळत नाही. सासूबाईंना जपानी उत्तम येतं. माणूस आवडलं की त्या अशा सुरू होतात."

आजी गालात हसल्या. मग स्वच्छ जपानीत बाईंना म्हणाल्या, "तुमची भाषा फार शुद्ध आहे हो. रेडिओवरच्या बातम्यांसारखी. टोकियोच्या का तुम्ही?"

"नाही," बाई म्हणाल्या. डोळे भरून आले होते, पण मान ताठ. "कर्वेनगरच्या."

*

तिथल्या एका किनाऱ्यावर वाळूचे काही कण चांदणीच्या आकाराचे असतात. तळहात वाळूवर दाबायचा आणि चिकटलेल्या कणांत शोधायचं. घरी न्यायची परवानगी नाही, बघून परत ठेवायचे. सगळे डोळे बारीक करून शोधत होते. इक्बालभाईंनी खिशातून घड्याळजीचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि एका मिनिटात सात चांदण्या दाखवल्या!

मग काय, रांगच लागली. प्रत्येकाला त्या भिंगातून बघायचं होतं. रांगेतल्या एका वयस्कर गृहस्थांनी भिंग ओळखलं आणि मनगटावरचं बंद घड्याळ काढून पुढे केलं. इक्बालभाईंनी ते कानाला लावलं, मागेपुढे बघितलं आणि मराठीत म्हणाले, "सेल संपलाय. बाकी तब्येत ठणठणीत."

आपटेबाईंनी त्याचं भाषांतर केलं. उत्साहाच्या भरात सेलचा भाग राहिला.

गृहस्थांनी घड्याळ परत घेतलं. मग त्यांनी छातीवर हात ठेवला आणि इक्बालभाईंना दोनदा वाकून नमस्कार केला. त्यांची बायको बाईंना म्हणाली, "हे वर्षभर डॉक्टरांकडे खेपा घालतायत. इतकं स्पष्ट कोणी सांगितलंच नव्हतं!"

*

दुपारी आम्ही सायकली भाड्याने घेतल्या. बाई सगळ्यांत पुढे. चाळीस वर्षांनी सायकलवर बसल्या होत्या, पण एकदा टांग मारली ती मागे बघितलंच नाही. एका वळणावर दिसल्या, पुढच्या वळणावर नाहीत!

पाच वाजत आले. शेवटची बोट सुटायला अर्धा तास. बाईंचा फोन ऋताच्या पिशवीत. आम्ही चार दिशांना गेलो. मी किनाऱ्यावर, ऋता खाणावळीत, इक्बालभाई म्हशीच्या गोठ्यात. जोशीकाका प्रत्येक कुंपणावरून "बाईऽऽ" अशी हाक मारत होते आणि आतून माणसं वाकून नमस्कार करत होती. कोणीच बाईंना बघितलं नव्हतं. चौघं गावातल्या चौकात परत भेटलो तेव्हा ऋता रडायच्या बेतात होती.

आणि एवढ्यात खांबांवरचे कर्णे खरखरले. धक्क्यावरूनही गावभर घोषणा करता यायची ती सोय. आवाज ओळखीचा. जपानी अत्यंत शुद्ध.

"सर्व ग्रामस्थांना नम्र विनंती. भारतातून आलेली माझी चार मुलं हरवली आहेत. धाकटी सव्वीस वर्षांची आहे, थोरला एकाहत्तर. कोणाला दिसल्यास कृपया त्यांना ओरडू नये, धक्क्यावर आणून सोडावे."

पटापट दारं उघडली. माणसं रस्त्यावर येऊन झुडपांत डोकावायला लागली.

कर्णा पुन्हा खरखरला. या वेळी मराठीत.

"जोशी! कुठे उलथलात सगळे? मी इथे बोटीशी उभी आहे!"

जोशीकाकांनी सायकल सोडून दिली, भर चौकात ताठ उभे राहिले आणि कर्ण्याकडे बघून हात वर केला.

"हजर, बाई!"