ना. दूध

रविवारी मासळीबाजारात वाळूजच्या कारखान्यांतल्या कामगारांची गर्दी असे. तिथे एक बाई मुंबईहून बर्फात आलेली कोळंबी सोलायची, बोलणं न थांबवता. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

माझी पत्नी वारल्यावर तिच्या वहीतला पास्ता मी तीनदा केला. ती कृती जहाजावर नोकरीला असलेल्या तिच्या भावाने वेस्ट इंडीजहून आणली होती. तिन्ही वेळा दूध फाटलं. ती स्वयंपाक करायची तेव्हा मी पलीकडे वाचत बसलेला असे. आता वर्षश्राद्ध दोन दिवसांवर आलं होतं आणि त्या दिवशी मला हाच पास्ता करायचा होता, म्हणून मी वहीच बाजारात नेली.

“पास्ता म्हंजी?” बाईने विचारलं.

“जाड शेवया.”

“विद्यापीठाचं नामांतर झालं, तर शेवयांचं का नाय? वाचा, सर.”

मी वाचलं. कोळंबी, लसूण, मिरच्या, लिंबू, ना. दूध.

तिचे हात थांबले. “ना म्हंजी?”

“नाशिवंत असेल. म्हणून मी अगदी ताजं आणलं.”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “किती शिकलात, सर?”

“एम. ए.”

“नारळाचं दूध हाय ते. मासळीत म्हशीचं घालत्यात व्हय?”

पुढच्या रविवारी तिने मान वर न करता विचारलं, “जमलं का?”

“तिखट झालं. डोळ्यांत पाणी आलं.”

“मिरचीनं?”

मी म्हणालो, नक्की सांगता येत नाही.

“मंग जमलं,” ती म्हणाली, आणि न विचारता माझ्यासाठी कोळंबी सोलायला घेतली.