उस्तादांनी बसवलेलं लॉकर

उस्तादांना उस्ताद हे नाव कोणी दिलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण त्यांनी ते फारच मनावर घेतलं होतं एवढं खरं. जन्म खाणीवर टिपर चालवण्यात गेला. गाडीचा विषय निघाला की समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत ते कधी थांबले नाहीत. टपरीवरचे लोक मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलून त्यांना पिन मारायचे आणि मग चहा थंड होईपर्यंत ऐकत बसायचे.

पुढे काचबिंदूनं दोन्ही डोळे कडांकडून खात आणले. आता समोरचं तेवढं नळीतून पाहिल्यासारखं दिसतं, आजूबाजूचं सगळं गुडूप. परवाना गेला. जुनी पिकअप तेवढी दारात राहिली. वेळ पडली तर चारही चाकांना जोर लावणारी ही गाडी आता त्यांची बायको चालवते. ती आरोग्य केंद्रात नर्स. डोंगरावरच्या वस्त्यांची बाळंतपणं, लसी, मलमपट्ट्या, सगळं तिच्याच गळ्यात. सकाळी ती गाडी काढते तेव्हा उस्ताद दारात उभे राहून कानांनी गाडी चालवतात. "दुसरा टाक आता... अगं, टाक की," असं पुटपुटत राहतात. गाडीचा आवाज विरला की आत येऊन बसतात. दिवसभर दुसरं काम नाही.

एकदा पावसात ती चढावर अडकली. एक पुढचं चाक खड्ड्यावर अधांतरी, ते भिरभिरतंय, आणि दुसरं दगडावर घट्ट टेकलेलं असून ढिम्म. मागची दोन्ही चिखलात. वस्तीतल्या लोकांनी दोर लावून गाडी ओढेपर्यंत अंधार पडला. घरी उस्ताद आतबाहेर करून थकले. फोन लागेना. शोधायला निघावं तर स्वतःच कुठल्यातरी गटारात पडायचे. इतकं हतबल त्यांना परवाना गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी ते शेजाऱ्याच्या मागे बसून फिटरकडे गेले. "पुढच्या डिफरन्शियलला लॉकर बसव," म्हणाले. लॉकर म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांना एकत्र बांधणारी वस्तू. मग एक चाक हवेत असलं तरी दुसरं गाडीला ओढून काढतं.

"बटणाचं घ्या उस्ताद," फिटर म्हणाला. "लागेल तेव्हा दाबायचं, नाहीतर बंद. दुसरं असतं ते आपोआप लागणारं. ते पुढे बसवलं की स्टिअरिंगचा दगड होतो. आणि तुमच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही."

"बटण दाबायचं तिला आठवणार आहे का? वर कोणीतरी बाई कळा देत पडलेली असते. ही तिचा विचार करेल की तुझ्या बटणाचा? आपोआपचंच बसव."

"बघा बुवा. आणि हे आतले जुने गिअर? ते काढल्याशिवाय हे बसत नाही."

"भंगारात टाक. परत घालायचेत कशाला?"

काम झाल्यावर उस्तादांनी फिटरच्या अंगणात, फिटरला शेजारी बसवून, चारही चाकांचा जोर लावून स्वतः स्टिअरिंग फिरवून पाहिलं. जड होतं. पण टिपरवर घडवलेले हात ते, त्यांना कसलं जड! "लोण्यासारखं फिरतंय," त्यांनी ठोकून दिलं. बायकोचं उजवं मनगट दवाखान्याच्या पायऱ्यांवर पडून मोडलं होतं, वाकडंच सांधलं होतं, आणि घरातल्या बरण्यांची झाकणं तेव्हापासून उस्तादच उघडून देत होते. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. त्या अंगणात मात्र ते साफ विसरले. माणूस एकदा स्वतःच्या हुशारीवर खूश झाला की त्याला दुसऱ्याचं मनगट कुठलं आठवायला!

त्या संध्याकाळी ते किती बोलले! तिला समोर बसवून दोन वाट्या पालथ्या घातल्या, चाकं कशी बांधली जातात ते दाखवलं. "आता तुला दोर लागणार नाही, की कोणी माणूस लागणार नाही." ती हसून बघत होती.

पुढे बरेच दिवस ती वेळेवर घरी येत राहिली, फार दमून यायची एवढंच. उस्ताद टपरीवर लॉकरचे गोडवे गाऊ लागले. संध्याकाळी गाडी पुसणं हे काम त्यांनी आपल्याकडे ठेवलं होतं, पुसायला डोळे लागत नाहीत म्हणून. एका संध्याकाळी पुढच्या चाकाच्या मध्यावरची चकती त्यांच्या बोटांना लागली. चार चाकांचा जोर घ्यायचा तर खाली उतरून आधी ही चकती हातानं फिरवावी लागते. तिच्या खाचेत चिखल वाळून दगड झाला होता. दुसऱ्या चाकाचं तेच. ही चकती कित्येक दिवसांत कोणी फिरवलेलीच नव्हती.

ते फडकं घेऊन तसेच आत आले. "अगं, पुढची चाकं लावतच नाहीस तू?"

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "पहिल्याच दिवशी लावली होती. वळणावर स्टिअरिंग फिरेचना. गाडी सरळ दरीकडे निघाली. ब्रेक लागला म्हणून वाचले."

"मग वर जातेस कशी?"

"कोरडं असलं तर मागच्या चाकांवर. ओलं असलं तर गाडी खाली लावते आणि चालत जाते."

"चालत? एवढा चढ? आणि मला सांगितलं का नाहीस?"

"अहो, डोळे गेल्यापासून त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा मोकळेपणानं हसलात. काय सांगू मी?"

उस्तादांना शरमेनं आणि दुःखानं रडू फुटलं. तिनं निवडलेली भाजी बाजूला सारली आणि त्यांच्याजवळ येऊन बसली.

सकाळी ते फिटरकडे गेले. "काढ ते. जुनं घाल."

"जुनं कुठलं घालू? तुम्हीच भंगारात टाकायला लावलंत, ते केव्हाच वितळलं. कंपनीनं हे मॉडेल कधीचं बंद केलंय. नजर ठेवतो, कुठे मिळालं तर बघू." आणि बटणाचं? या गाडीच्या मापाचं एकच त्याच्याकडे होतं, ते मधेच दुसऱ्यानं नेलं, आणि आता बाजारात मिळत नव्हतं. उस्ताद दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले.

आठवडाही गेला नसेल, भर पावसात वरच्या वस्तीवरून निरोप आला. पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या. उस्ताद हट्टानं गाडीत बसले. "तू नुसतं सांग, जोर मी लावतो." तिला वाद घालायला वेळ नव्हता. चढाच्या पायथ्याशी तिनं उतरून दोन्ही चकत्या फिरवल्या आणि गाडी वर घेतली. पहिल्या वळणावर उस्तादांनी शेजारून स्टिअरिंग धरलं.

"डावीकडे... अजून... बास. बास म्हटलं ना!"

पण जन्माची सवय त्या हातांना. उस्तादांना न दिसणारं वळण हातांनी आपल्या हिशेबानं घेतलं आणि गाडी खडकाला घासली. तिनं करकचून ब्रेक लावला. दोघांनाही धाप लागली होती. मग ती गाडी हळूहळू मागे घेत पायथ्याशी आली. बॅग खांद्याला लावली.

"तुम्ही बसा इथेच. उतरू नका हं, एका बाजूला ओढा आहे."

"जपून जा," उस्ताद म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तिच्या बुटांचा चिखलातला आवाज थोडा वेळ आला, मग पावसात मिसळून गेला.

बऱ्याच वेळानं एक दूधवाला सायकल ढकलत आला. काचेवर टकटक करून म्हणाला, "काका, गाडी अडकली का? माणसं बोलावू?"

"नको बाबा," उस्ताद म्हणाले. "गाडी अगदी चांगली आहे."

"मग असे इथे का बसलाय?"

उस्तादांनी तोंड उघडलं. गाडीबद्दलच्या प्रश्नाला आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. दूधवाला थोडा थांबला आणि आपल्या वाटेनं निघून गेला.