आईच्या अन्ननलिकेला भोक पडलं तेव्हा

मी सोळा वर्षांची असताना आईच्या घशात माशाचा काटा अडकला. आम्ही पळसदेवचे, मळ्यात वांगी-टोमॅटो करणारे. भीमेतला मासा घरात नेहमीचा. केळी खाल्ली, कोरडी भाकरी गिळली, तरी काटा हलेना. तिसऱ्या दिवशी वडील आम्हाला बारामतीला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी आईच्या तोंडातून धातूची ताठ नळी घालून काटा काढला आणि बजावलं, "संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा द्यायचं नाही."

दुपारी वडील बाहेर गेले होते. आई म्हणाली, "घोटभर च्या दे गं, नरडं वाळलंय."

मी दिला. दुसऱ्या घोटाला ती मान धरून कळवळली. तासाभरात गळा सुजला. बोट लावलं की कातडीखाली चुरमुरे दाबल्यागत वाजायचं.

डॉक्टरांनी तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. वडिलांना म्हणाले, "काटा काढताना नळीनं अन्ननलिकेला भोक पडलंय. माझ्या हातून झालंय."

वडील उसळले, "बरी करायला आणली हुती, मारायला न्हाय!"

मला राहवलं नाही. "मी चहा दिला," मी म्हटलं. वडिलांनी हात उगारला. डॉक्टर मध्ये आले.

"भोक आधीच पडलं होतं. चहानं त्रास वाढला, हे खरं. पण सांगितलंस ते बरं केलंस. आता थेंबही नाही."

त्यांनी मानेला चीर देऊन आतली घाण वाहून जायला रबराची पट्टी ठेवली, पेनिसिलिन सुरू केलं. पुढं पोटाला छेद देऊन नळी बसवली. तीतून मी दूध ओतायची. आई माझा पदर ओढायची, "एकच घोट. तुला माझी आण हाय." मी नुसते तिचे ओठ ओले करायची आणि बाहेर जाऊन रडायची.

पंधरवड्यानं डॉक्टरांनी तिला निळं पाणी पाजलं. मानेच्या बँडेजवर निळा डाग उमटला. म्हणजे भोक मिटलं नव्हतं. वडील भिंतीकडे तोंड करून बसले.

दहा दिवसांनी पुन्हा तेच पाणी. या खेपेला बँडेज पांढरंच राहिलं. डॉक्टरांनी ते उजेडात धरून दोनदा पाहिलं.

निघताना वडिलांनी त्यांना हात जोडले.

घरी आल्यावर कितीतरी महिने आई जेवायला बसली की आम्ही दोघं हातातला घास तसाच धरून तिच्या गळ्याकडे बघायचो. ती वैतागायची, "जेवा की आता गुमान!"