अनुस्वारबाईंचं वर्गसमीकरण

छापखान्यात त्यांना सगळे अनुस्वारबाई म्हणत. प्रुफं तपासताना सुटलेलं एकही टिंब त्यांच्या नजरेतून निसटत नसे, म्हणून. लोक तोंडावर म्हणत आणि बाईंना त्याचा राग येत नसे. घरी हाक मारायला होतं कोण? नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूलबाळ नाही, आणि भावाचा फोन यायचा तो भावजयीने आठवण करून दिली तरच.

बाईंच्या टेबलापलीकडे काचेचं पार्टिशन आणि त्यामागे जुळारीबुवा. शिशाचे खिळे जुळवत बुवांची उमर गेली. पुढे कॉम्प्युटर आला, पण नाव तेच राहिलं. यंत्रांच्या खडखडाटाने त्यांचे कान कधीच निकामी केले होते. बाईंचा आवाज मुळातच बारीक. त्यामुळे शेजारी बसूनही दोघांचं बोलणं म्हणजे सकाळी एकदा मान हलवायची आणि संध्याकाळी एकदा.

एकदा बीजगणिताच्या गाइडचं प्रूफ आलं. क्षचा वर्ग, वजा अकरा क्ष, अधिक चौतीस. मागे उत्तर दिलेलं, तीन आणि आठ. बाईंनी चौतीसवर काट मारली आणि समासात लिहिलं, ‘चोवीस हवेत. चौतीस ठेवले तर पोरं जन्मभर मुळं शोधत बसतील.’

दुरुस्त होऊन प्रूफ परत आलं, तेव्हा कोपऱ्यात पेन्सिलीने एक नवंच वर्गसमीकरण होतं. खाली लिहिलेलं, ‘चहा येईपर्यंत सोडवा. कागद वापरायचा नाही.’

बाईंनी काचेतून पाहिलं. बुवा साळसूदपणे पडद्याकडे बघत होते. बाईंनी मनातल्या मनात अवयव पाडले, उत्तर लिहिलं आणि त्याखाली आपलं एक समीकरण ठेवून दिलं.

मग ते रोजचंच झालं. मुळं पूर्णांक हवीत, एवढा एकच कायदा. हरेल त्याने दोघांचे कप विसळायचे. बुवा वजाच्या चिन्हात पाय अडकवत, बाई मोठ्या संख्या अंगावर घालत. कधी बुवा काचेपलीकडून कान पकडत, कधी बाई गुपचूप कप उचलून मोरीकडे जात. मालक एकदा म्हणाले, “तुमचं दोघांचं काय चालतं हो?”

“गणित,” बाई म्हणाल्या. मालकांना वाटलं, पुस्तकाचं.

बुवा निवृत्त झाले आणि लेकीने त्यांना आपल्या गावी नेलं. जुळणीचं काम बाहेर दिलं गेलं. प्रुफं आता पडद्यावर येत, कोण पाठवतं ते ठाऊक नसे. एका दुपारी बाईंनी धीर करून पानाच्या तळाशी एक समीकरण टाकलं. तासाभराने उत्तर आलं, ‘हा मजकूर कुठे घ्यायचा आहे?’ बाईंनी घाईघाईने लिहिलं, ‘चुकून आला. काढून टाका.’

घरी जेवताना त्या स्वतःलाच एखादं घालून बघत. पण समीकरण रचायचं तर आधी मुळं ठरवावी लागतात, आणि मुळं ठरवली की उत्तर आलंच हातात. त्यात मजा कसली? बुवांना फोन केला, तर पलीकडून नुसतं “हं, बरं, बरं,” आणि मग लेकीचा आवाज, “बाबांना फोनवर ऐकू येत नाही हो. तुम्ही या ना एकदा घरी.”

बाई खरंच गेल्या. अर्धा दिवस बसचा प्रवास. वाटेत त्यांनी एक नामी समीकरण रचलं: क्षचा वर्ग, वजा चार क्ष, वजा दोनशे एकवीस. बुवांना घाम फुटला असता.

लेकीने हसून दार उघडलं. आत बुवा आणि त्यांचे व्याही समोरासमोर बसले होते. व्याह्यांचा आवाज असा, की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. त्यामुळे बुवांना त्यांचा शब्द न् शब्द कळत होता. “या बाई, बसा,” व्याही म्हणाले. “आमचा सामना रंगलाय. वर्गसमीकरणं, तोंडी. हा खेळ आमच्या बुवांनी शोधून काढलाय, माहितीये का?”

बाईंनी बुवांकडे पाहिलं. बुवा कपातल्या चहाकडे बघत होते.

“तुम्हाला एक सोपं घालतो,” व्याही म्हणाले. “वजा नऊ क्ष, अधिक वीस.”

“चार आणि पाच.”

“अरे वा. बुवा, या बाई तर हुशार निघाल्या.”

“प्रुफं तपासायच्या,” बुवा म्हणाले. थोडं थांबून पुटपुटले, “फार बारीक नजर.”

लेकीने आग्रहाने जेवू घातलं. बुवा अंगाने भरले होते, जेवताना दोनदा मोठ्याने हसले. छापखान्यात त्यांचं हसू बाईंनी काचेतून फक्त पाहिलं होतं. त्याला आवाज असतो हे त्यांना आज कळलं.

बुवा त्यांना थांब्यापर्यंत सोडायला आले. रस्त्यावर गाड्यांचा गलका होता. बाई हळूच म्हणाल्या, “क्षचा वर्ग, वजा चार क्ष, वजा दोनशे एकवीस.”

“काय म्हणालात?” बुवांनी कानामागे हात धरला.

पर्समध्ये पेन्सिल होती, कागदही होता. पण कागद दिला असता तर संध्याकाळी व्याह्यांसोबत ते समीकरण सुटलं असतं, आणि बाईंना ते नको होतं.

“तब्येतीला जपा म्हटलं,” त्या जरा मोठ्याने म्हणाल्या.

“हो, हो. तुम्हीही.”

बस आली. खिडकीशी जागा मिळाली. बुवा हात हलवत उभे राहिले, मग वळून झपाझपा घराकडे निघाले. कुणी वाट बघत असलं की माणूस असाच चालतो.

दुसऱ्या दिवशी मालकांनी विचारलं, “कसे आहेत आमचे बुवा?”

“छान आहेत. रमलेत तिथे,” बाई म्हणाल्या.

बाईंडरने विचारलं, मशीनवाल्याने विचारलं, चहावाल्यानेही विचारलं. बाई प्रत्येकाला तेच सांगत राहिल्या. त्यात खोटं काहीच नव्हतं.