दळणाचं बळ

जगात जे जे दळलं, कुटलं, ठेचलं किंवा नुसतं चावलं जातं, त्याला किती बळ लागतं याचा माझ्या आतोबांइतका घोर दुसऱ्या कुणीही घेतला नसेल. रत्नागिरीच्या शाळेत ते गणित शिकवीत, पण जीव सगळा आत्याच्या जात्यात. सुपारी कातरता कातरता मध्येच अडकित्ता खाली ठेवून म्हणायचे, "बघ हो, फोडायला काही नाही. बारीक करायलाच दम लागतो. जितकं बारीक, तितकं बळ जास्त!" पंगतीत शेजारी कुणी चकली खाऊ लागला, की हे त्याच्या जबड्याकडे असे टक लावून बघत की तो बिचारा चकली परत पानात ठेवी. एकदा तर बंदरावरून मासे तोलायचा ताणकाटा उसना आणून त्यांनी तो जात्याच्या खुंट्याला बांधला आणि दुसरं टोक ओढत स्वतः जात्याभोवती फिरू लागले. आत्या नाकाला पदर लावून म्हणाली, "अहो, पीठ पाडायचंय की मापं घ्यायचीत?" "दोन्ही!" असं ओरडत ते फिरत राहिले आणि अखेर चक्कर येऊन तांदळाच्या सुपात बसले.

या वेडामागे कारण होतं. दळून दळून आत्याचा उजवा खांदा धरला होता. वेणी घालायलाही हात वर जाईना. तेव्हापासून वाडीत तेलाच्या इंजिनावरची पिठाची गिरणी आणायचा ध्यास त्यांनी घेतला. दोन बागायतदार पैसे घालायला तयार झाले. पण मुंबईहून आलेल्या दलालाने असं दांडगं इंजिन सुचवलं, की दोघांनीही हात आखडला. गिरणी बारगळणार असं दिसताच आतोबा पुढे झाले. "जात्याला किती बळ लागतं ते मी मोजलंय. गिरणी तासाभरात किती दळणार, त्यावरून हिशेब करा. पट्ट्यात नि घर्षणात वाया जाईल ते वर धरा. याच्या निम्मं इंजिन पुरतं!"

दलाल हसला. "मास्तर, ते जातं. ही गिरणी आहे."

"तांदूळ तेच ना?" आतोबा म्हणाले.

लहान इंजिन आलं. गणपतीच्या तोंडावर, भर पावसात मुहूर्त ठरला आणि मोदकांचे तांदूळ घेऊन सारी वाडी लोटली. इंजिन फटफटलं, तांदूळ आत पडले, आणि दोन आचके देऊन सगळं गप्प झालं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा गप्प. बागायतदार एकमेकांकडे बघू लागले. दलालाने छत्री उघडली. आतोबांनी तांदूळ मुठीत दाबून पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"माझंच चुकलं," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "मी मोजलं ते उन्हाळ्यात, कडकडीत तांदळांवर. हे धुतलेले, पावसात वाळलेच नाहीत. दगडांना चिकटतायत."

"मग आता?" कुणीतरी विचारलं.

कोट काढून ते वाकले. "आता याच्याकडे एकदम बारीक मागायचं नाही."

दगड जरा सैल करून त्यांनी आधी नुसत्या कण्या काढल्या. मग दगड घट्ट करून त्याच कण्या थोड्या थोड्या सोडल्या. इंजिन धापा टाकू लागलं, पण थांबलं नाही. खाली पांढरं, ऊन ऊन पीठ उतरलं. दलालाने छत्री मिटून ते चिमटीत धरलं. "निघालं हो मास्तर!" त्याच्या आवाजात खराखुरा आनंद होता.

आंब्याला मोहोर येईपर्यंत आत्या आपली वेणी आपण घालू लागली.

त्यानंतर एकदा मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. पहाटे आतोबा पडवीत येरझारा घालत होते. "अगो," ते आत बघून म्हणाले, "एखादी ओवी म्हण ना. किती दिवसांत ऐकली नाही."

"जात्यावाचून कशी म्हणू? सुचतच नाही."

आतोबा जात्याशी मांडी घालून बसले, मूठभर तांदूळ घातले आणि कसंबसं दळू लागले. आत्या खांबाला टेकून घरघर ऐकत राहिली. मग तिने हळूच पहिली ओळ उचलली. आतोबांनी मान वर केली नाही. पीठ अगदी जाडंभरडं पडत होतं.