धर जरा

कुठल्याही गावात शिरताना गिरजाबाई आधी सायकलवरून उतरायच्या. पहिल्या घराच्या दारात जी बाई दिसेल तिच्याकडे पाणी मागायच्या आणि तिनं तांब्या पुढे केला की सायकलचं हँडल तिच्या हातात देऊन म्हणायच्या, "धर जरा." सायकलला स्टँड होता, चांगला धडधाकट होता. टेकवायला भिंतही असायची. तरी सायकल त्या बाईच्याच हातात जायची. बाई गांगरून जायची. दुसऱ्याचं तान्हं लेकरू अचानक हातात यावं तशी अंग चोरून उभी राहायची. गिरजाबाई मुद्दाम सावकाश पाणी प्यायच्या. तेवढ्यात ती बाई हळूच घंटी वाजवायची, दचकायची, मग पुन्हा एकदा वाजवायची.

मी त्यांना विचारलं होतं, "मग हा स्टँड काय शोभेला लावलाय?"

"स्टँडले काय समजते?" त्या म्हणाल्या. "बाईनं एकदा धरली का तिच्या हाताले आठवन राह्यते."

हे लिहिताना मला माझ्या हातांकडे पाहवत नाही. का, ते पुढे येईलच.

सत्तावन्न साली मी पुसदला मुलींच्या एका सरकारी शाळेत मास्तरीण म्हणून आले. वय बावीस, मुक्काम मामांकडे, आणि डोक्यात अमरावतीहून आणलेला थोडा शिष्टपणा. पहिल्याच दिवशी शाळेच्या फाटकातून एक चाळिशीची सावळी, काटक बाई सायकलवरून आत आली. सायकल पुरुषांची, मधे दांडी असलेली. बाईच्या अंगावर काष्ट्याचं नऊवारी लुगडं. आम्ही नव्या मास्तरणी पाचवारी गोल नेसून स्वतःला सुधारलेल्या समजत होतो. माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं कोण जाणे, पण त्या उतरता उतरता म्हणाल्या, "पाय कायले पाहून राह्यली? तुमच्या नव्या फ्याशनीत पाय बांधले जाते पोरी. आमच्या जुन्या लुगड्यात मोकये राह्यते."

गिरजाबाई भोयर चौथीला शिकवायच्या. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नवरा तापानं गेला. सासरच्यांनी भांडीकुंडी, बैल, सगळं ठेवून घेतलं. नवऱ्याची सायकल तेवढी यांच्या वाट्याला आली, कारण त्या घरात ती दुसऱ्या कुणालाच चालवता येत नव्हती. "मले तरी कुठं येत होती?" त्या हसून सांगायच्या. उन्हाळ्यात पूस नदीचं पात्र कोरडं पडलं की पहाटे तिथल्या रेतीत त्या एकट्याच शिकल्या. "रेतीत पडलं त लागत नाही, अन् हसाले कोनी राह्यत नाही." पाच कोसांवर नदीकाठच्या एका खेड्यात त्यांची म्हातारी माय एकटी राहायची. दर रविवारी गिरजाबाई सायकलनं जाऊन तिचं न्हाणंधुणं करून संध्याकाळपर्यंत परत यायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच रेतीत त्यांनी मला शिकवलं. पण रेती संपते तिथे खडक लागतो हे मला पडल्यावर कळलं. उजव्या गुडघ्यावर तो वण अजून आहे.

मग आमच्या सहली सुरू झाल्या. सायकल एक आणि बाया दोघी. रीत अशी की एकीनं पुढे जायचं, पुढच्या मोठ्या झाडापाशी थांबायचं. दुसरी चालत येऊन पोचली की तिनं सायकल घ्यायची आणि पहिलीनं चालायचं. गाठोडं कॅरियरला. अशा चालीनं सायकलीची गती बैलगाडीच्याही मागे पडायची, आणि गिरजाबाईंना तेच हवं असायचं. "लवकर पोचाचं असतं त मोटारीनं नसतो का गेलो?" दिसेल ते पडकं हेमाडपंती देऊळ, ढासळलेली गढी, कोरडी पडलेली बारव, सगळीकडे त्या थांबायच्या. उमरखेडच्या जुन्या गल्ल्यांमधून तर त्यांनी मला एका दुपारी तीनदा फिरवलं. कोणत्या राजाचं, कोणत्या सालचं, याची त्यांना फिकीर नसायची. दगडावरून हात फिरवून म्हणायच्या, "पाह्य, कोनीतरी एवढी मेहनत केली. कोनी पाहाले त याव."

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही तीन दिवसांची मोठी सहल काढली. पूस नदीच्या काठाकाठानं महागाव, मग नदी पैनगंगेला मिळते तो हिवऱ्याचा संगम, तिथून फुलसावंगी. मी मामांना सांगितलं की गिरजाबाईंच्या मायकडे जाते. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, ज्वारी कणसांवर आलेली. वेचणीच्या बाया ओळीनं उभ्या राहून आमच्याकडे पाहायच्या. गावोगाव पाणी, गावोगाव "धर जरा," आणि गावोगाव एकच प्रश्न, "कोनाच्या घरी चालल्या?" कुणाच्याच घरी नाही, नुसत्या फिरतोय, असं गिरजाबाई सांगायच्या. मग दुसरा प्रश्न यायचा, "कायले?" याचं उत्तर त्या कधी द्यायच्या नाहीत, फक्त हसायच्या.

दुसऱ्या दिवशी दिवस कलता कलता आम्ही एका बंजारा तांड्यावर मुक्काम मागितला. नायकाच्या बायकोनं "आव, बेस" म्हणून बाज टाकली आणि न सांगताच हँडल हातात घेतलं. "कायले?" असं तिथे कुणी विचारलं नाही. म्हातारा नायक म्हणाला, "आमचे बापदादे बैलावर मीठ लादून याच वाटेनं जायचे. तुम्ही उद्या कुठलोक जाता?" आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलो. दोन दिवसांत पुढचं विचारणारा हा पहिलाच माणूस भेटला होता. माझ्या आयुष्यातले ते तीन दिवस सगळ्यांत सुखाचे होते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सुटी संपून शाळा उघडली आणि निनावी पत्र आलं. दोन मास्तरणी तीन दिवस रानोमाळ भटकल्या, पाळीपाळीनं सायकल चालवत होत्या, तांड्यावर राहिल्या, अशांच्या हाती मुली कशा द्यायच्या, वगैरे. पत्र वरपर्यंत गेलं होतं. नेमकं त्याच वेळी माझं लग्न ठरत आलं होतं. मुलाकडचे लोक दारव्ह्याचे, जुन्या वळणाचे. मामी म्हणाली, "यातलं एक अक्षर त्यांच्या कानी गेलं ना, तर संपलं."

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. त्या मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी कागदही तयार ठेवला होता.

"गिरजाबाई, तांड्यावरच्या मुली शाळेत याव्यात म्हणून गेला होता, असं लिहून द्या. मी वर कळवते. मिटून जाईल."

"तसं नाही बाई. काम काहीच नव्हतं. फिराले गेलतो."

"अहो, एक ओळ लिहायला काय हरकत आहे?"

"हरकत हाये. आज मी कामाचं खोटं लिहून देलं, त उद्या जिले काम नाही तिनं घरातच बसाव का?"

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू गं? तू सायकल चालवत होतीस?"

मी म्हटलं, "मला सायकल येत नाही. मी नुसती धरली होती. गिरजाबाईंनी नेलं म्हणून गेले."

त्यातलं शेवटचं वाक्य तर कुणी विचारलंही नव्हतं. ते मी आपण होऊन जोडलं, फोडणीवर कोथिंबीर टाकावी तसं.

"खरं आहे हे, गिरजाबाई?"

पातळाआड माझ्या उजव्या गुडघ्यावर पडल्याचा वण होता. ती जखम गिरजाबाईंनीच हळद दाबून भरून आणली होती. त्या माझ्याकडे पाहतील या भीतीनं मी मान खाली घातली. पण त्यांनी पाहिलं नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "धरलीच होती तिनं. तिले येत नाही."

स्वतःला वाचवणारी एक ओळ लिहायला त्यांनी साफ नकार दिला होता. आणि माझ्यासाठी त्या न अडखळता खोटं बोलल्या. बाहेर ओसरीत मी काहीतरी पुटपुटले, लग्न, मामी, असं काहीबाही. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. "मले मालूम हाये सारं. जाय, वर्गात पोरी वाट पाहून राह्यल्या." त्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

आता सगळा दोष एकट्या गिरजाबाईंचा ठरला. वर आणखी, एका लग्नाच्या मुलीला नादी लावलं हाही. महिन्याभरात त्यांची बदली झाली, पार चांदा जिल्ह्याच्या टोकाला, सिरोंच्याकडे. म्हातारी माय घर सोडून यायला तयार झाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. निरोप पोचून गिरजाबाई येईपर्यंत गावकऱ्यांनी सगळं उरकलं होतं.

माझं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. नवरा चांगला मिळाला, दारव्ह्याच्या मानानं तर फारच पुढारलेला. दोन-तीन वर्षांनी त्यांनी हौसेनं मला सायकल शिकवायला घेतली. मी पहिल्याच दिवशी मैदानाला न पडता फेरी मारली. "वा, किती पटकन शिकलीस!" असं म्हणून त्यांनी चार लोकांत माझं कौतुक केलं, आणि मी ते मुकाट्यानं घेतलं. पुढे पुसदेहून आलेल्या एका जुन्या मास्तरणीकडून कळलं की गिरजाबाई तिकडेच तापानं वारल्या. नवऱ्यानं विचारलं, कोण होत्या? मी म्हटलं, आमच्या शाळेत होत्या.

मोटार स्टँडवरचं सांगायचं मी टाळत आले आहे, पण ते सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

त्या निघाल्या तो बाजाराचा दिवस होता. निरोप द्यायला शाळेतलं कुणी आलं नव्हतं. मीही येणार नव्हते, पण पाय आपोआप तिकडे वळले. गिरजाबाई एक ट्रंक आणि सायकल घेऊन उभ्या होत्या. हमालानं ट्रंक टपावर चढवली आणि सायकलसाठी हात पुढे केला. त्यांनी मानेनं नको म्हटलं.

"तिकडं सारी रेती अन् जंगल हाये म्हनते. चाक फसते," त्या मला म्हणाल्या. मग नेहमीसारखं हँडल माझ्याकडे करून म्हणाल्या, "धर जरा."

मी धरलं. त्या मोटारीत जाऊन बसल्या. मला वाटलं, काही विसरलंय, उतरतील. मोटार सुरू झाली तशी त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आता बसून जाय पोरी," त्या म्हणाल्या. "हातानं नेऊ नको."

मोटार नदीच्या अंगाला वळून दिसेनाशी झाली. बाजार फुलला होता. भाजीवाल्या, कापसाच्या गाड्या, चहाच्या दुकानापुढे ओळखीची माणसं. सगळे माझ्याकडे बघत होते, किंवा कुणीच बघत नव्हतं. मी एक पाय पायडलवर ठेवला. मग काढून घेतला. आणि भर बाजारातून ती सायकल हातानं ढकलत घरी नेली.

मामा दारातच उभे होते. "कोणाची गं ही?"

"गिरजाबाईंची," मी म्हटलं. "मी नुसती धरलीय."